कोळसा खाणीभोवतीच्या निरीक्षण विहिरी: पातळी मोजली, पण कोणत्या थराची?

भूजल_अभ्यासक

कोळसा खाणींच्या पर्यावरण अहवालात भूजलाचं एक प्रकरण असतंच. त्यात विहिरींचे क्रमांक, तारखा आणि 'जमिनीखाली इतके मीटर' असा एक तक्ता. बहुतेक जण तो पाहून पान उलटतात, कारण त्यातून फारसं काही कळत नाही. यात दोष वाचणाऱ्याचा नाही. तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा रकानाच नसतो, तो म्हणजे ती विहीर कोणत्या थराचं पाणी मोजते हा.

धागा काढायचं कारण एक नेहमीचं भांडण. खाणीचा अहवाल म्हणतो पातळी स्थिर आहे. आजूबाजूचे लोक म्हणतात आमच्या बोअर आटल्या. मग एकमेकांना खोटं ठरवणं सुरू होतं. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या थरांबद्दल.

खाणीचा छेद डोळ्यांसमोर आणा. वर माती आणि झिजलेला खडक, त्याखाली वालुकाश्म, मग शेलचा, म्हणजे चिखल दाबून बनलेल्या खडकाचा, घट्ट थर, मग कोळसा, त्याखाली पुन्हा वालुकाश्म. वरच्या झिजलेल्या खडकातलं पाणी पावसावर चढतं-उतरतं. शेलखालचं पाणी दाबाखाली असतं. बोअर तिथपर्यंत गेली की पाणी पाइपात थराच्या बरंच वर येऊन थांबतं. खाण या पाण्याच्या पातळीखाली उतरली की तळात साचणारं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. त्या उपशाने खाणीभोवती पातळीचा उतार तयार होतो, खाणीजवळ खोल आणि लांब जावं तसा उथळ. पण हा उतार प्रत्येक थरात वेगळा असतो. कोळशाखालच्या वालुकाश्मात पातळी दहा मीटर खाली गेलेली असताना वरच्या उथळ विहिरीत फरक दिसणारही नाही, कारण मधला शेल पाणी सहज खाली जाऊ देत नाही. उलटही होतं. छत कोसळवत जाणाऱ्या भूमिगत खाणीत वरचा खडक खचतो, भेगा पडतात, आणि आधी उथळ विहिरीच आटतात.

म्हणून खरी निरीक्षण विहीर ही एकाच थरासाठी बांधलेली असते. बोअर मारायची, तिच्यात पाइप सोडायचा, आणि ज्या थराचं पाणी पाहायचं तेवढ्याच उंचीत पाइपाला बारीक चिरा ठेवायच्या, साधारण दोन-तीन मीटर. चिरांभोवती धुतलेली वाळू, वाळूच्या वर बेंटोनाइट मातीचं बूच, आणि तिथून जमिनीपर्यंत सिमेंटचं भरण. दुसऱ्या थराचं पाणी आत येता कामा नये. तीन थर पाहायचे तर शेजारी-शेजारी तीन विहिरी. साधी उघडी बोअर तिन्ही थरांतून पाणी घेते आणि तिच्यात दिसणारी पातळी ही त्या तिघांची सरासरीही नसते. ज्या थरातून पाणी जास्त वाहतं त्याच्याकडे ती झुकते. शिवाय अशी उघडी बोअर दोन थरांना जोडून देते, म्हणजे मोजायला गेलो आणि नवी वाट करून आलो.

अहवाल हातात आला की पातळीचा तक्ता बाजूला ठेवा आणि आधी विहिरींच्या बांधकामाची नोंद मागा. चिरा किती ते किती मीटरवर, समोर कोणता खडक, बूच कुठे. ही नोंद नसेल तर पुढचे आकडे कशाचे आहेत ते कुणालाच सांगता येणार नाही, खाणवाल्यांनाही नाही.

---

खडकओळख

अगदी मुद्द्याचं. यात एक गोष्ट जोडतो, तिच्याशिवाय लोकांना खोल बोअरचं वागणं अन्यायकारक वाटत राहतं.

मुक्त जलधरात, म्हणजे वर झाकण नसलेल्या थरात, पातळी एक मीटर उतरते तेव्हा खडकाच्या पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. समजा त्या खडकातून त्याच्या आकारमानाच्या पाच टक्के पाणी सुटतं. एक चौरस किलोमीटरवर पातळी एक मीटर उतरवायला ५०,००० घनमीटर पाणी काढावं लागेल. बंदिस्त जलधरात पोकळ्या भरलेल्याच राहतात, फक्त दाब कमी होतो. तिथे साठवण गुणांक, म्हणजे पातळी एक मीटर उतरली की दर चौरस मीटरमागे किती घनमीटर पाणी सुटतं तो आकडा, ०.०००१ धरला तर तेवढ्याच क्षेत्रात एक मीटर पातळी उतरायला १०० घनमीटर पुरतात. पाचशे पटींचा फरक! त्यामुळे बंदिस्त थरात खाणीच्या उपशाचा परिणाम झपाट्याने आणि लांबवर पसरतो, आणि मुक्त थरात तो सावकाश येतो, कधी वर्षांनी.

वेळेनुसार पातळी कशी उतरत जाते याचं गणित अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९३५ मध्ये मांडलं. आजची संगणकीय प्रारूपं पुष्कळ पुढे गेली आहेत, पण त्या प्रारूपाला जे गुणांक लागतात ते निरीक्षण विहिरीवरच्या पंपिंग चाचणीतूनच येतात, म्हणजे पाणी उपसत पातळी कशी उतरते ते मोजून. चुकीच्या थरातल्या विहिरीवर चाचणी केली की पुढचं सगळं प्रारूप चुकतं.

---

सांजसकाळ

छान धागा. या विषयातलं मला काही येत नाही, म्हणून साधा प्रश्न. खाणीभोवती आधीच लोकांच्या कितीतरी विहिरी आणि बोअर असतात. त्याच मोजल्या तर चालणार नाही का? नव्या मारायचा खर्च कशाला?

---

भूजल_अभ्यासक

@सांजसकाळ, त्या जरूर मोजाव्यात, पण बदली म्हणून नाही, जोडीला. वापरातल्या विहिरीत पंप चालतो. मोजायच्या आधी तासभर पंप चालला असेल तर जी पातळी मिळेल ती पंपाची. रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजली तर उपयोगी आकडा मिळतो. शेजारची बोअर चालू असेल तर तेही लिहून ठेवायचं.

उघड्या जुन्या विहिरीचा मात्र एक मोठा गुण आहे. ती खाणीच्या आधीपासून तिथे असते. खाण सुरू व्हायच्या आधीची पातळी माहीत नसेल तर नंतर कितीही विहिरी मारा, किती उतरली हे सिद्ध होत नाही. म्हणूनच खणायला सुरुवात करण्याआधी किमान एक पूर्ण पाऊस-उन्हाळा मोजून ठेवायचा असतो. एक वर्ष मला फार तोकडं वाटतं, कारण ते वर्ष अतिवृष्टीचं किंवा दुष्काळाचं निघालं तर पाया चुकतो. तीन-चार वर्षं असावीत.

---

जुनाजाणता

बोअर मारण्याच्या कामात आयुष्य गेलं. कागदावर विहीर एक असते आणि जमिनीत दुसरी, म्हणून थोडं लिहितो.

पहिलं, चिखल वापरून मारलेल्या बोअरमध्ये भिंतीला लेप बसतो. तो काढला नाही तर थराचं पाणी आत यायला मार्गच राहत नाही. पाइप बसवल्यावर हवा मारून किंवा दट्ट्या खाली-वर करून पाणी स्वच्छ येईपर्यंत विहीर धुवायची असते. घाईच्या कामात ही पायरी पहिली गळते. अशी विहीर वर्षभर एकच पातळी दाखवते आणि लोक म्हणतात, बघा किती स्थिर आहे. तपासायला सोपं आहे. बादलीभर पाणी आत ओता आणि पातळी किती वेळात मूळ जागी येते ते पाहा. तासन्‌तास उतरलीच नाही तर एकतर खडक फार घट्ट आहे नाहीतर विहीर बुजलेली आहे. शेजारच्या त्याच थरातल्या विहिरीशी ताडून पाहिलं की कोणतं ते कळतं.

दुसरं, पाइप. आटे असलेले पीव्हीसी पाइप वापरावेत, सोल्युशन लावून चिकटवलेले नकोत. सोल्युशनचा वास पाण्याच्या नमुन्यात महिनोन्‌महिने येतो. जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी, पाइप लावला तर जस्त आणि लोह पाइपाचंच मोजलं जाईल.

तिसरं, बेंटोनाइटच्या गोळ्या टाकल्यावर त्या फुगायला वेळ द्यावा लागतो. लगेच वरून पातळ सिमेंट ओतलं तर ते गोळ्यांतून खाली उतरतं आणि वाळूत शिरतं.

आणि एक सुरक्षेची गोष्ट, ही कुणी लिहीत नाही. कोळशाच्या थरात चिरा असलेल्या विहिरीतून मिथेन येऊ शकतो. टोपणाला वायू सुटायला छिद्र हवं. टोपण काढताना जवळ विडी-काडी नको, आणि लगेच तोंड खाली घालून आत डोकावू नये.

---

रसायनी

जुनाजाणता, तुमचा तिसरा मुद्दा प्रयोगशाळेत असा दिसतो: एखाद्या विहिरीचा पीएच ११ च्या पुढे येतो. नैसर्गिक भूजलात तसं सहसा होत नाही, म्हणजे सिमेंट चिरांपर्यंत पोचलं. त्या विहिरीचं रासायनिक विश्लेषण तिथेच थांबवावं.

आता नमुन्याबद्दल. पाइपात उभं राहिलेलं पाणी थराचं प्रतिनिधी नसतं. त्याला हवा लागलेली असते, त्यातला वायू उडालेला असतो. जुनी पद्धत म्हणजे पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करून मग नमुना घ्यायचा. ५० मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला जवळपास दोन लिटर पाणी असतं. ३० मीटरचा स्तंभ असेल तर तिप्पट म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास. बादलीभर काढून बाटली भरली असेल तर तो आकडा टाकून द्या. नवी पद्धत चिरांच्या समोर पंप ठेवून अगदी मंद, मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी वेगाने उपसण्याची. पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा स्थिर झाला की नमुना घ्यायचा. हे आकडे विहिरीवरच मोजायचे असतात. बाटली प्रयोगशाळेत येईपर्यंत पीएच बदलतो, आणि लोह गंजून तळाशी बसतं. धातूंसाठीचा नमुना जागेवर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालायचं, पीएच २ च्या खाली येईल इतकं.

काय मोजायचं, हा खरा प्रश्न. कोळशात आणि भोवतीच्या शेलमध्ये पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. पाणी उपसल्यावर तिथे हवा पोचते, पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, आणि सल्फेट, लोह व आम्ल तयार होतं. सगळे पीएचकडे बघत बसतात. पण खडकात चुना असेल तर तो आम्ल शोषत राहतो आणि पीएच सातच्या आसपासच दिसतो, कितीतरी वर्षं. तेवढ्या काळात सल्फेट वाढत असतं, कॅल्शियम आणि जडपणा वाढत असतो. चुना संपला की मग पीएच कोसळतो आणि लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम सगळं एकदम पाण्यात येतं. म्हणजे पीएच ही उशिरा वाजणारी घंटा आहे. सल्फेट आधी बोलतं.

अमेरिकेच्या खाण कायद्यातून, १९७७ च्या, जे नियम आले त्यांत भूजलासाठी किमान यादी अशी आहे: टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किंवा विद्युतवाहकता, पीएच, एकूण लोह, एकूण मँगनीज आणि पाण्याची पातळी, किमान दर तीन महिन्यांनी. ही किमान यादी आहे आणि तिच्यात सल्फेट नाही, हे मला आजही खटकतं. वाहकता वाढली हे तिच्यातून कळतं, कशामुळे ते कळत नाही. दर फेरीला सल्फेट, क्षारता, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एवढं मोजलं की धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का तेही तपासता येतं. पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर मोजमापात किंवा यादीत कुठेतरी चूक आहे. अहवाल वाचणारा कुणीही कॅल्क्युलेटरवर हे करू शकतो, त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ असावं लागत नाही.

आणि नायट्रेट विसरू नका. सुरुंगाच्या स्फोटकात मुख्य घटक अमोनियम नायट्रेट असतो, पाण्यात सहज विरघळणारा. ओल्या भोकात न फुटलेला भाग राहिला की तो पाण्यात जातो. खाणीजवळच्या विहिरीत नायट्रेट चढलं तर ते शेतातलं की सुरुंगातलं, हे भूजलाच्या उताराच्या वरच्या बाजूची विहीर असेल तरच ठरवता येतं.

---

पायवाट

रसायनीताई, फार उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

आकडेमोड

पातळीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

हल्ली विहिरीत दाबमापक सोडून ठेवतात, तो तासातासाला नोंद करतो. उत्तम साधन. पण ज्याला हवेची नळी नाही असा मापक पाण्याचा आणि वर हवेचा, दोन्हींचा दाब मोजतो. हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने बदलला की आकड्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून जवळपास एक वायुदाबमापक हवाच, आणि अधूनमधून फितीने हाताने मोजून ताडून पाहायला हवं. मापक सरकतात, तार ताणली जाते.

दुसरं, 'जमिनीखाली १२ मीटर' या आकड्यावरून पाणी कुठे वाहतं ते कळत नाही, कारण जमीनच उंच-सखल असते. पाइपाच्या तोंडावर एक ठरलेली खूण, त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची मोजलेली उंची, आणि त्यातून वजा केलेली खोली. अशा तीन विहिरी, सरळ रेषेत नसलेल्या आणि एकाच थरातल्या, असल्या तर उताराची दिशा काढता येते. तिन्ही वेगळ्या थरांतल्या असतील तर जी दिशा निघेल ती निव्वळ काल्पनिक. खचणाऱ्या जमिनीवर ही उंची पुन्हा पुन्हा मोजावी लागते. पाइप अर्धा मीटर खाली गेला आणि उंची जुनीच धरली तर पाण्याची पातळी अर्धा मीटर जास्त दिसते.

मोजणीचा काळही महत्त्वाचा. भारतात मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशा चार फेऱ्यांची पद्धत रूढ आहे, आणि खाणीच्या परवान्यांतही ती येते. ऋतूंचा चढ-उतार पकडायला ती बरी आहे. पण खाणीचा उपसा ऋतू पाहून चालत नाही. नवा पंप सुरू झाला, खाणीत खोदकामाची नवी पायरी उघडली, तर तो बदल चार ठिपक्यांत हरवतो.

---

जुनाजाणता

आकडेमोड यांचं यंत्रांबद्दलचं म्हणणं मान्य, पण माझं मत जरा वेगळं. पैसा मर्यादित असेल तर आधी विहिरी वाढवा, यंत्रं नंतर. चुकीच्या जागी असलेल्या विहिरीत तासातासाला मोजून काय मिळणार?

---

आकडेमोड

जागा आधी, यात वाद नाही. पण मंजुरी मिळवताना विहिरींची संख्या मोठी दाखवतात आणि मग वर्षातून चारदा धावत-पळत मोजतात. चांगल्या जागच्या मोजक्या विहिरी आणि त्यांत अखंड नोंद, हे मी निवडेन. खाणीच्या कामाची नोंद त्याच वेळापत्रकावर टाकली, कोणत्या दिवशी किती पाणी उपसलं, कुठे खणलं, की कारण आणि परिणाम समोरासमोर येतात.

---

सांजसकाळ

आणखी एक प्रश्न. खाण पुढे पुढे सरकते. मग या विहिरी तिच्या वाटेत येत नाहीत का? आणि खाण बंद झाल्यावर मोजणीचं काय?

---

भूजल_अभ्यासक

@सांजसकाळ, दोन्ही प्रश्न मोलाचे, कारण नोंदी नेमक्या तिथेच तुटतात.

खाणीजवळच्या विहिरी खाणीत जातातच. काही सुरुंगांच्या हादऱ्याने किंवा जमीन खचल्याने मध्येच कातरल्या जातात, आणि फीत एका ठरावीक खोलीवर अडकायला लागते. विहीर जाणार हे माहीत असतं, तेव्हा ती जाण्याआधीच त्याच थरात दुसरी बांधायची आणि काही महिने दोन्ही एकत्र मोजायच्या. तसं केलं तर दोन नोंदी जोडता येतात. नाहीतर आलेखात अचानक पायरी दिसते आणि ती पाण्यामुळे की विहीर बदलल्यामुळे, हा वाद कधी मिटत नाही. शिवाय विहिरींचं एक कडं खूप बाहेर ठेवायचं, जिथे खाण कधीच पोचणार नाही. तक्त्यात विहिरीचा क्रमांक तोच ठेवून जागा बदलणं ही मात्र मला सरळ फसवणूक वाटते.

बंद झाल्यानंतरचा काळ तर खाणीच्या काळापेक्षा लांब असतो. पंप थांबले की पाणी परत चढतं. ते ज्या खडकातून चढतं त्यात इतकी वर्षं हवा खेळलेली असते, पायराइटपासून झालेले क्षार साचलेले असतात, ते पहिल्या भरतीत विरघळतात. भराव म्हणून टाकलेला दगड-माती मूळ खडकापेक्षा सैल असतो, पाणी त्यातून वेगळ्याच वाटेने जातं. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. तरी त्या देशात जुन्या खाणींतून येणारं पाणी उपसून स्वच्छ करणारी सत्तरहून अधिक केंद्रं सरकारला चालवावी लागतात. पाणी किती चढलं आणि पृष्ठभागावर कधी येईल हे निरीक्षण विहिरींतूनच आधी कळतं.

जर्मनीतल्या गार्त्सवायलर या लिग्नाइट (तपकिरी कोळशाच्या) खाणीचं उदाहरण मला आवडतं, निदान मोजणीच्या बाबतीत. तिथे उपसलेल्या पाण्यातला काही भाग प्रक्रिया करून जवळच्या पाणथळ प्रदेशाखाली जमिनीत परत सोडतात. पाणी कुठे आणि किती सोडायचं हे ठरवायला पातळी सतत मोजावी लागते. म्हणजे मोजणी फाइलीत जात नाही, तिच्यावर रोजचा निर्णय ठरतो.

---

खडकओळख

भूमिगत खाणींत तर याच विहिरींवर माणसांचे जीव असतात. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांचं पाणी फुटून आत आलं आणि ३७० हून अधिक कामगार गेले. जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वीक्रीक खाणीत तेच झालं: शेजारच्या बंद खाणीचे नकाशे अपुरे होते, खोदकाम तिच्यात शिरलं, नऊ कामगार अडकले. ते वाचले, तीन दिवसांनी बाहेर आले. बंद पडलेल्या कामांत बोअर उतरवून आत पाणी आहे का, किती उंचीपर्यंत आहे, हे मोजून ठेवणं म्हणजे मधल्या कोळशाच्या भिंतीवर किती दाब आहे हे जाणून घेणं. दर दहा मीटर पाण्याला जवळपास एक वातावरण दाब. भूजल म्हटलं की आपण पिण्याच्या पाण्यावर येतो, पण खाणीत काम करणाऱ्याला हा आकडा तितकाच हवा.

---

पायवाट

हे सगळं वाचून एकच विचारायचं आहे. जिथे खाण वीस वर्षं चालू आहे आणि आधीची कसलीच नोंद नाही, तिथे काहीच करता येणार नाही का?

---

भूजल_अभ्यासक

@पायवाट, येतं, पण कमी खात्रीने. खाणीच्या परिणामाबाहेर, त्याच खडकात, उताराच्या वरच्या बाजूला विहिरी निवडायच्या आणि त्यांच्याशी तुलना करायची. सरकारी भूजल विभागांच्या जुन्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी कधीकधी खाणीच्या आधीच्या मिळतात, त्या शोधायच्या. खाणीसाठी कोळशाचा शोध घेताना मारलेल्या बोअरच्या नोंदीत 'इतक्या मीटरवर पाणी लागलं' असं लिहिलेलं असतं, ते फार दुर्लक्षित साधन आहे. जुन्या खोल विहिरींच्या भिंतीवर पाण्याच्या खुणा असतात, विहीर कोणत्या वर्षी खोल केली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतं. हे सगळं एका नकाशावर आणायचं, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या थराचा आहे हे लिहायचं. थर माहीत नसेल तर तसंही स्पष्ट लिहायचं.

आणि आजपासून मोजायला लागायचं. खाण बंद व्हायला अजून वर्षं असतील, तर परत चढणाऱ्या पाण्यासाठी आजची नोंद हीच आधीची नोंद ठरणार आहे. विहिरींच्या बांधकाम नोंदींसाठी मी वापरतो तो कोरा तक्ता उद्या इथे चिकटवतो. रसायनी, आयनांच्या बेरजेचा तक्ता तुम्ही दिलात तर दोन्ही एकत्र ठेवू.

---

रसायनी

देते. मिलिग्रॅमचे मिलिइक्विव्हॅलंट (आयनांच्या विद्युतभारानुसार मोजायचं एकक) करायचे भागाकारही त्यातच घालते, म्हणजे कुणाला शोधावे लागणार नाहीत.